शिनोलीच्या बाईचे पुढचे दात

अब्बा, तुमची ती शिनोलीची बाई उद्या पुन्हा येणार आहे आणि मला आत्तापासून धडकी भरली आहे. तुम्हाला आठवेल ती. तीस वर्षांपूर्वी, लग्नाला आठ दिवस असताना बैलानं हिसडा दिला, जू तोंडावर बसलं आणि पुढचे दोन दात गेले, तीच. आठवडी बाजारात तुमच्या दात बसवायच्या टेबलापुढं आईच्या मागं तोंड लपवून उभी होती म्हणे. तुम्ही दोन दात घडवले आणि शेजारच्या दोन धडधाकट दातांना पावडर-लिक्विडनं कायमचे चिकटवून दिले. सासरी कुणाला कळलं नाही. पुढं बाजाराला आली की तुमच्याकडून गुपचूप डागडुजी करून जायची. तुम्ही गेल्यापासून आठ वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

गेल्या महिन्यात ती माझ्या दवाखान्यात आली. "तुमी त्यांची पोर ना? म्हून आले. त्यांनी कदी कुणाला सांगितलं न्हाई," म्हणाली. तोंड उघडलं आणि मी मास्कच्या आत श्वास रोखला. हिरडी सुजून लोंबत होती, बोट लावलं की पू. ज्या दोन चांगल्या दातांचा तुम्ही आधार घेतला होतात, तेही सुटलेल्या खुंट्यांसारखे हलत होते. खरं सांगते अब्बा, असा संताप आला मला! कारण तुम्हाला ठाऊक होतं. मी बारावीला असताना स्वयंपाकघरात अम्मीच्या स्टोव्हवर साचा उकळत तुम्हीच मला म्हणाला होतात, "चिकटवलेल्या दाताखाली घाण साचते बेटा, हिरडी सडते. पण काढघालीचा दात बायका घेत नाहीत. झोपताना काढून वाटीत ठेवला की घराला कळतं." आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बसून पुन्हा चिकटवलेच ना तुम्ही? डेंटल कॉलेजात मी सगळ्यांना सांगायचे, अब्बांचं दुकान आहे. कसलं, ते कधीच सांगितलं नाही.

मी माप घेतलं, चार दातांची कवळी लॅबमधून मागवली. ठरलं असं की तुमचे दोन आणि हलणारे दोन, असे चारही काढायचे आणि त्याच बैठकीत कवळी बसवायची, म्हणजे ती बोडक्या तोंडानं बाहेर जाणार नाही. आज सकाळी दोघं नवरा-बायको एसटीनं आले. नवरा बाहेर बाकावर. तिनं खुर्चीत बसल्या बसल्या माझं मनगट धरलं. "हिरडीचं औषध घ्यायचंय म्हून आणलंय त्यांना. भाईर कळलं तर मी मेले बघा." शाळेत शंभर पोरांची खिचडी शिजवणारी बाई, हात लोखंडासारखा, मनगट सोडेना.

भूल दिली. तुमचे दोन मशीननं कापून काढले आणि मग हलणारे दोन्ही दात उपटले. रक्त थांबवलं, मग कवळीचा डबा उघडला. पांढरेशुभ्र दात! मीच लॅबला पुस्तकातला रंग लिहून दिला होता, तिच्या तोंडात नीट न बघता. जन्मभर मिश्री लावलेली बाई ती, खालचे दात कडेनं तपकिरी. हे वर लावून ती बाहेर गेली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं. आणि आता मागं फिरायला वाव नव्हता, तोंडात पुढं चार दातांची खिंड होती.

"काय झालं? सांगा की," ती कापूस दाबलेल्या तोंडानं विचारत होती. काही नाही, म्हटलं. मग तुम्ही आठवलात. तुम्ही दाताच्या कडेला कानशीनं बारीक रेघ मारून तीत तपकिरी रंग भरायचात, आणि मी हसायचे, "अब्बा, लोक पांढरे मागतात." तुम्ही माझ्यावर खेकसला होतात, "दात तोंडाला शोभायला पाहिजे, दुकानाला नाही!" मी मशीनला कोरायचा बारीक बर लावला, कवळीवर रेघा मारल्या, माझ्याकडचा तपकिरी टिंट भरला, वरून पक्का केला. अर्धा तास गेला. बाहेरून दोनदा खाकरणं ऐकू आलं. कवळी बसवली, आरसा दिला. तिनं पाहिलं, ओठ मिटले, उघडले, आणि ढसाढसा रडली.

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं न् पाहिलंसं केलं. "झालं? चल, गाडी जाईल." ती पायऱ्या उतरली. तो मात्र चिठ्ठी विसरल्याचं निमित्त करून परत आला आणि हळूच म्हणाला, "रंग बेस जमलाय डॉक्टर. तुमच्या अब्बांच्या टायमाला जरा पिवळा व्हता." त्यानं चिठ्ठी खिशात घातली. "लग्नाच्या पयल्या आठवड्यातच कळलं व्हतं मला. तिला बोलू नका हां. लई जपलंय तिनं." आणि गेला.

काय भला माणूस! आणि मला केवढ्या पेचात टाकून गेला. पहिला दिवस कवळी काढायची नसते. उद्या मी ती काढणार, धुऊन दाखवणार आणि सांगणार, रोज झोपताना काढायचीच. ती ऐकणार नाही. तीस वर्षं नवऱ्यापासून लपवलेलं तोंड ती उघडं टाकून झोपणार नाही, मग ओली हिरडी पुन्हा सडेल. त्याला माहीत आहे हे मी तिला सांगणार आहे, अब्बा. तुम्ही गप्प बसला असता. मी बसणार नाही, त्याला राग आला तरी चालेल.

तेवढं जमेल मला. पण ती विचारणार, काढायची कशाला, तुमच्या अब्बांचे तर तीस वर्षं तोंडातच होते की? आज जाताना तिनं विचारलंच होतं, "त्यांच्या हातनं काय चुकलं व्हतं का?" मी ताडकन म्हणाले, "छे, वयानं होतं असं." तिचे दोन चांगले दात तुमच्यामुळं गेले, हे तिला सांगितल्याशिवाय ती कवळी काढणार नाही. मघापासून आरशापुढं उभं राहून ते वाक्य म्हणून बघतेय, आणि दर वेळी "अब्बा" म्हटलं की पुढचं तोंडातून निघत नाही.