वानराचा दहावा

७ डिसें. ८३
दहावीला उत्क्रांतीचा पाठ. पोरं ढिम्म. शेवटी म्हणालो, कण्याचं खालचं टोक चाचपा, त्याला माकडहाड म्हणतात, शेपटीची खूण आहे ती. सगळा वर्ग चाचपायला लागला. मागून एक जण, "सर, मंग मारुती?" म्हणालो, तोही आपल्याच भावकीतला. पोरं खदखदून हसली. मीही हसलो. गाढवपणा.

९ डिसें.
अण्णांनी मळ्यावर बोलावलं. संस्थेचे अध्यक्ष, निम्मं शिवार त्यांचं. बसा म्हणाले नाहीत. "मास्तर, पोरींना कुठं हात लावायला सांगायलेत तुमी? अन् मारुती तुमच्या भावकीतला?" सरकारी पुस्तक दाखवलं. बघितलं न बघितलं केलं. "मानूस देवानं घडवला. ज्याला जिथं ठिवला, त्यानं तिथंच ऱ्हायचं. सगळे एकाच बुडातले म्हनायचं, ही नामांतरवाल्यांची बोली हाय. मोर्च्यात बोला, माझ्या शाळंत न्हाई."
तोंडात आलेलं गिळलं. जूनमध्ये नोकरीत कायम व्हायचंय. कागदावर सही ह्याच माणसाची.

१३ डिसें.
देवळाजवळ वानर विजेच्या तारेला चिकटून मेलं. शाळा लवकर सोडून दिली. तिरडी, गुलाल, भजन. मारुतीच्या मागं पुरलं. दहा दिवस गावाला सुतक. माझ्याकडं असे बघायलेत की तार मीच ओढली.

१४ डिसें.
पारावर बैठक. दहाव्याला गडीमाणसं डोकं करणार. अण्णा सगळ्यांदेखत, "मास्तरची तर भावकी गेली. पयला वस्तरा त्यांनाच. अन् मंग वर्गात सांगायचं, पाठ खोटा हाय. न्हाई तर जूनची वाट बघू नका." लोक फिदीफिदी. हेडमास्तर मान खाली घालून सुपारी कातरत बसलेले. वाटेत मला म्हणतात, "केसंच तर हायत, येतील परत." नालायक माणूस.

१८ डिसें.
मानवत, परभणी, दोन्हीकडच्या शाळांतून नोकरीच्या अर्जाला उत्तर नाही. सौ.ला सातवा महिना. म्हणाली, "अशात कुठं बिऱ्हाड हलवता? माझ्यानं होनार न्हाई." तिच्यावरच ओरडलो. ती गुमान भाकरी थापायला बसली. लय लाज वाटली.

२२ डिसें.
बसलो वस्तऱ्याखाली. न्हावी हळूच, "सर, मान सैल सोडा." सोडली. हसणारे हसले.
वानराला खांदा द्यायला अख्खं गाव. बौद्धवाड्यातली माणसं मात्र आजही दूर उभी, पंगतही वेगळी. मेलेल्या वानराचं सुतक चालतं ह्यांना, जित्या माणसाचं नातं चालत नाही. हे तिथं बोलायला पाहिजे होतं. इथं लिहितोय. भित्रा.

२४ डिसें., शनि.
पहिला तास दहावी. अण्णा दारात उभे. एका दमात म्हणून टाकलं, "उत्क्रांतीचा पाठ खोटा आहे."
अण्णांची नात मंदा उठली. पहिल्या नंबरची पोरगी. "मंग बोर्डाच्या पेपरात काय लिहू?"
अण्णाच बोलले, "पेपरात पुस्तकातलं लिही. मार्क जायला नको."
ती खाली बसेना. माझ्याकडं बघून, "अन् खरं काय, सर?"
अण्णांची नजर माझ्यावर. मी टेबलावर खडू शोधायचं सोंग केलं. तास संपेपर्यंत पोरगी उभीच होती. बस म्हणायचं धाडस माझं झालं नाही.
सोमवारी पहिला तास पुन्हा दहावीचाच.