अकरा वह्यांवर घालावयाचे नाव

मी, केवळराम उदाराम मेंढे, वय वर्षे सहासष्ट, पेन्शनर हेडमास्तर, राहणार चोरखमारा, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पायांना सूज आहे, चार पावलांत दम लागतो. स्मरण मात्र शाबूत आहे; काही गोष्टींपुरते ते कमी झाले असते तर बरे झाले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. तलावाच्या पाटाखालची धानाची जमीन वडिलार्जित आहे. ती माझा मुलगा गोवर्धन याच्याकडे राहील. त्यात माझे सांगण्यासारखे काही नाही.

कलम २. राहते घर मी नोकरीच्या पगारातून बांधले. ते माझी मुलगी प्रेमिला हिला देतो. नवरा वारल्यावर ती तीन वर्षांपूर्वी माहेरी आली. गोवर्धनने मला विचारले, "घर तिले कायले? आमी का तिले हाकलून राहिलो का?" बाळ, तू हाकलणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण न हाकलले जाणे आणि स्वतःच्या उंबऱ्यात बसणे ह्यांत फरक आहे. तो मला तुझ्या आईने शिकवला. कसा, ते पुढे येईल.

कलम ३. लोखंडी पेटीत अकरा वह्या आहेत. माझी खरी मालमत्ता तीच. तिची व्यवस्था समजावी म्हणून हकिकत लिहितो.

समाजशास्त्र म्हणजे माणसे एकमेकांशी कशी वागतात याचा अभ्यास. हा अभ्यास करणाऱ्यांचे एक आंतरराष्ट्रीय मंडळ युरोपात होते. सन १९२७ मध्ये मंडळाने ठरवले की नऊ देशांतल्या नऊ गावांत तेच त्रेचाळीस प्रश्न विचारायचे: शेताच्या घाईच्या दिवसांत लोक मजुरीशिवाय एकमेकांकडे कसे राबतात, कोणाची पाळी आधी, कोणाची नंतर. जपान, रुमानिया, मेक्सिको, बोहेमिया असे ते देश. हिंदुस्थानासाठी नागपूरच्या एका प्राध्यापकांनी आमचे गाव निवडले आणि प्रश्न माझ्याकडे धाडले.

मी वही घेऊन घरोघर गेलो. पुरुष बोलले. पण रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करतात बायका, आणि मला पाहताच त्या पदर ओढून आत जात. आठ दिवसांनी माझी पत्नी सुशीलाबाई म्हणाली, "तुमाले कोन सांगन जी? मले जाऊ द्या."

तिला लिहिता येत नव्हते. बांधीत म्हणजे धानाच्या खाचरात, विहिरीवर, कांडणापाशी ती विचारी, आणि दिवेलागणीच्या आधी सारे मला जसेच्या तसे सांगे. मी लिहीत असे. नाव मात्र ती कोणाचे सांगत नसे. "एक बाई मनाली", "दुसरी बाई मनाली", एवढेच. मी विचारले तर म्हणे, "मी त्यायले शब्द देल्लो हाये." असे नऊ वर्षे चालले.

एकतिसावा प्रश्न होता: मदत सर्वांत शेवटी कोणाला मिळते? पुरुषांनी मला सांगितले होते, असे काही नसते. सुशीलाबाईने आणलेले उत्तर वेगळे होते. जिच्या घरी पुरुष नाही, तिच्या बांधीत रोवणा सगळ्यांच्या शेवटी होतो. तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, जून होतात आणि धान अर्धे येते. उपाशी कोणी ठेवत नाही, नुसते शेवटी ठेवतात.

मंडळाच्या वतीने हे काम बघणारी विदुषी होती प्राग शहरची मिस इरेना. नऊ गावांचे कागद, माझ्या वह्यांची इंग्रजी नक्कलही, तिच्याकडे जात. तिने कळवले की रुमानियाच्या गावात, जपानच्या भातशेतीतही विधवेची पाळी शेवटीच येते. मी पत्र सुशीलाबाईला वाचून दाखवले. तिने ते मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, "तिकडच्या बाईले कोनी सांगतलं का, इथंबी असंच हाये मनून? लिहा तिले."

मी लिहिले. सात महिन्यांनी उत्तर आले. रुमानियाच्या गावातल्या एका विधवेला आमच्या गावचे वाचून दाखवले होते. ती रडली, आणि मग तिने विचारले की धान चिखलात उभे कसे राहते? सुशीलाबाईला हसू आवरेना. दुसऱ्या पावसाळ्यात ती पंधरा बायका घेऊन एका विधवेच्या बांधीत पहिल्या दिवशी उतरली. गावाने नावे ठेवली. मी शाळेत होतो.

आता माझ्या वैराविषयी. नागपूरच्या प्राध्यापकांनी आमचे सारे काम स्वतःच्या नावाने मंडळाच्या त्रैमासिकात छापले. शेवटी एक ओळ: एका स्थानिक शिक्षकाचे साहाय्य झाले. मी दोन दिवस जेवलो नाही. मिस इरेनाने मूळ कागदांवरचे अक्षर माझ्या पत्रांवरून ओळखले, चौकशी केली, आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आणली: हे संशोधन श्री. के. यू. मेंढे यांचे आहे. ते पान मी गोंदियाला नेऊन काचेत मढवून आणले आणि भिंतीवर लावले.

सुशीलाबाईने काचेवर बोट ठेवून विचारले, "यात माजं नाव कुठी हाये?"

मी म्हणालो, "शास्त्राच्या कामात घरच्या माणसांची नावे घालत नसतात."

ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडे गेली. पुन्हा तिने कधी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी प्रश्न विचारायला गेली, आणि त्यानंतरही दोन वर्षे जात राहिली.

सन १९३८ मध्ये मिस इरेनाचे पत्र आले. नऊ गावांचे एकत्र पुस्तक निघणार होते. तिने लिहिले, "बायकांची ही उत्तरे कोणत्याही पुरुषाला मिळणार नाहीत. प्रश्न कोणी विचारले? तिचे नाव कळवा, मुखपृष्ठावर घालायचे आहे." मी उत्तर लिहायला बसे आणि उठे. भिंतीवरची ती चौकट खोटी ठरली असती. माघात सुशीलाबाईला ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली. त्या पत्राविषयी मी तिला सांगितलेच नव्हते.

ती गेल्यावर सहा महिन्यांनी मी उत्तरात तिचे नाव लिहून लिफाफा टपालात टाकला. तेवढ्यात लढाई लागली. दिवाळीनंतर लिफाफा परत आला. वर शिक्का होता की ह्या देशाशी टपाल बंद आहे.

गेल्या वर्षी मंडळाच्या डेन्मार्कमधील एका सभासदाचे पत्र आले. मिस इरेनाला लढाईत पकडून नेले, ती छावणीतून परतली नाही. रुमानियाच्या गावातून कोणी उत्तर देत नाही. जे उरले आहेत ते मंडळ पुन्हा उभे करू पाहत आहेत. ज्याच्यापाशी जे कागद असतील ते त्याने पाठवावेत, अशी विनंती आहे.

म्हणून अकराही वह्या, आणि तो परत आलेला लिफाफा न फोडता, त्या सभासदाकडे पाठवाव्यात. गोवर्धनने स्वतः गोंदियाला जाऊन रजिस्टर करावे. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहावे: प्रश्न विचारणार, सुशीलाबाई केवळराम मेंढे. खाली, बारीक अक्षरात: लेखनिक, केवळराम. हे मी आज स्वतः लिहिणार होतो. तीन वह्या झाल्या, मग दम लागून बसवेना. उरलेल्या आठ प्रेमिलाने लिहाव्यात.

कलम ४. भिंतीवरची चौकट काढून टाकावी. काच प्रेमिलाच्या कामी येईल.

कलम ५. नागपूरच्या प्राध्यापकांसाठी इथे चार कडक ओळी लिहायचे बारा वर्षे मनात होते. ती जागा कोरी सोडतो. त्यांनी मला निदान एक ओळ दिली होती. मी तिला तेवढीही दिली नाही.

कलम ६. माझ्या तेराव्याला गावजेवण घालू नये. गोवर्धनला जमले तर येत्या पावसाळ्यात ज्या घरी पुरुष नाही तिथल्या बांधीत त्याने पहिल्या दिवशी उतरावे. हा हुकूम नाही. मी स्वतः कधी उतरलो नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला व त्यांच्यासमक्ष सही केली.

(सही) केवळराम उदाराम मेंढे

साक्षीदार १: (सही) दुलीचंद भैयाजी रहांगडाले, शिक्षक.

साक्षीदार २: जमुनाबाई सुखराम शेंडे, वय अंदाजे सत्तर, शेजारीण. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

जमुनाबाईंनी अंगठा उठवण्यापूर्वी जे सांगितले ते त्यांच्या आग्रहावरून येथे नोंदवतो. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या वहीतली एक बाई मी हावो. सुशीलेले मी अर्धंच सांगतलो होतो. मनलं, बाकीचं पुढच्या साली सांगन."

मुक्काम चोरखमारा, दिनांक ९ नोव्हेंबर १९४७.