चंद्रभानची टाच

तेल्हारा,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १७८६

चिरंजीव चंद्रभान यास थोरला भाऊ नत्थुजीचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. अमरावतीत ठीक असणारच, कारण तिकडे हल्ली कुणाचे काही बिघडतच नाही असे ऐकतो. तिकडे अमेरिकेत गोरे एकमेकांची डोकी फोडतात आणि त्या पुण्याईवर आमचा कापूस चढ्या भावाने विकून तुमचे दलाल छत्री धरायला माणूस ठेवतात. ठेवोत बापडे.

तुझे पत्र पोचले. दिवाळीला तू आलास, माझ्या पाया पडलास, आणि मी जागचा उठलो नाही, डोक्यावर हात ठेवला नाही, शिवेपर्यंत पोचवायलाही आलो नाही. म्हणून यापुढे तेल्हाऱ्याला येणे नाही आणि आपला भाऊपणा संपला, असे लिहितोस. छान. अक्षर मात्र सुधारले आहे.

मी का उठलो नाही हे सांगायला मी कुणाचा बांधलेला नाही. आणि तू तरी आलास कसा? पायात मुंबईचे बूट, अंगाला अत्तराचा वास, आणि पाणी पिण्याआधी काय म्हणालास? "दादा, तुमी आता थकले. वावरं बटईनं देऊन टाका अन् चाला माह्यासंगं अमरावतीले." वावर दुसऱ्याला वाट्याने कसायला देऊन तिकडे येऊन मी काय करू? तुझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करू? मी थकलो नाही. कमरेत जरा उसण भरली आहे, एवढेच.

झाले असे की दसऱ्याच्या सुमारास व्यापाऱ्याचे हमाल आपला गेल्या सालचा राखलेला कापूस न्यायला आले. एका बोजाला दोघेदोघे लागत होते आणि वर कण्हत होते. मला पाहवेना. "काय रे, जेवून आले का नाई?" असे विचारून मी वाकलो आणि एक बोजा एकट्याने उचलून गाडीत टाकला. त्याच वेळी कमरेत काहीतरी तटकन झाले. मी मिशीवरून हात फिरवला आणि घरापर्यंत ताठ चालत आलो. दारात तुझ्या वहिनीने, सुभद्रेने, धरले म्हणून पडलो नाही. हमालांना काही कळले नाही, हे बरे झाले.

मग वैद्य आला. दुखणे कमरेत, आणि हा शहाणा मनगट धरून डोळे मिटून बसला. वायू म्हणाला. त्याच्या चूर्णाने वायू गेला, कंबर तशीच राहिली. त्याच्यामागून हाडे बसवणारा आला. त्याने मला दाराच्या चौकटीला लोंबायला लावले, खालून पाय ओढले आणि हाड सरकले असे सांगितले. कोणते, विचारले तर म्हणे, "आतलं." एवढ्या ज्ञानावर हा माणूस घरोघर जेवतो.

सुभद्रेच्या हट्टापायी अकोल्यालाही गेलो. धड गाड्या सगळ्या कापसाला लागलेल्या, म्हणून एका मोडक्या खाचरात आडवा पडून गेलो. जुन्या शहरात मोर्णेकाठी पंजाबराव पहिलवानाची तालीम आहे. त्याने पालथे पाडले, कोमट तेल लावले आणि अंगठ्याने कमरेच्या दोन्ही अंगांनी दाबत गेला. म्हणाला, "हाड जागच्या जागी हाय जी. मांस आकसून राह्यलं. पडून राहाल तं अजून आकसन. रोज दाबून घ्या अन् हळूहळू चालत जा." त्याला स्वतःचे दंड पाहत बोलायची सवय आहे. त्याच्या हाताने बरे वाटले, पण मी सांगितले नाही, तो आधीच फार फुगलेला आहे. परतीच्या वाटेवर खाचराच्या हादऱ्यांनी कंबर होती तशी झाली, आणि रोज अकोल्याला जायला मी काही रिकामा नाही.

शेवटी शेषराव. त्याने हल्ली आपण पायाळू असल्याची, पायांकडून जन्मल्यामुळे आपल्या लाथेने उसण जाते अशी दवंडी पिटली आहे. कापसाने सगळ्यांचे बरे चालले आहे, तर पायाळूही वाढले म्हणायचे. त्याने मला ओट्यावर पाडून लाथ मारली, ती खांद्याला. पुढे त्याच्या आईने, लीलाबाईने, सुभद्रेला सांगितले की पोरगा सरळ डोक्याकडून आला होता. मग ती लाथ मी कशासाठी खाल्ली?

तू खरा पायाळू. पायांकडून आलास तेव्हा सुईण घाबरली होती आणि मी दाराबाहेर उभा होतो. मी वखर सोडून घरी आलो की आई तुला माझ्या पाठीवर उभा करी. तू आढ्याच्या दोरीला धरून माझ्या कमरेवरून हळूहळू चालायचास. कुठे गाठ आली आहे ते तुझ्या टाचेला आपोआप कळत असे. तिथे थांबायचास, भार द्यायचास, आणि मी कण्हलो की हसायचास. गावातले लोक उसण घेऊन आपल्या दारात बसत. आता अमरावतीत तू ही गोष्ट कुणाला सांगत नाहीस असे कळते. बुटात पाय घातले की पायाळूपण लाजिरवाणे वाटत असेल.

हे पत्र मी पालथा पडून, उशी छातीखाली घेऊन लिहितो आहे, म्हणून ओळी वाकड्या. सुभद्रा डोक्याशी उभी राहून वाचते आहे. वाचायला येत नाही, तरी वाचते. म्हणते, "उठता येत नाई हे लिवा ना सरळ. काहून लपवून राह्यले? भाऊजी कोणी परके हायेत का?" परका नाहीस, तेच तर अवघड आहे. परक्यासमोर मी कण्हलो असतो.

तर लिहितो. दसऱ्यापासून मला कुणी उठवल्याशिवाय उठता येत नाही. तू येणार म्हणून सुभद्रेने मला सकाळीच भिंतीला टेकवून बसवले, शेला पांघरला, आणि तू जाईपर्यंत मी तसाच बसलो. तुला कळले असते तर तू मला उचलून गाडीत घातले असतेस, आणि मी गेलो असतो, एवढी भीती वाटली मला. तू पाया पडलास तेव्हा मी हात पुढे केला होता, चंद्या. तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. तुझे डोके आणखी खाली होते. मला वाकता आले नाही. तू तसाच थांबून राहिलास, मग उठलास आणि माझ्याकडे न पाहता गेलास. ते मला कमरेपेक्षा जास्त लागले आहे.

थोरल्या भावाला पाय लावणे पाप, हे मलाही ठाऊक आहे. ते माझ्या माथी असू दे, वर देवाने विचारले तर मी सांगेन की मीच बोलावले होते. अमरावतीला येत नाही, वावर बटईने देत नाही, पण तू ये. बूट काढ, माझ्या पाठीवर उभा राहा, आणि मी ओरडलो तरी उतरू नकोस.

पालथ्या पालथ्याच वाट पाहणारा,
तुझा दादा