अश्विनी मुकी न्हाई, मास्तरनं गप्प केलीय

निरगुडसर, ता. ८ एप्रिल १९९८

मुकी? माझी नात मुकी? कुंडल्या, आन हे तू उघड्या कार्डावर लिहिलंस! म्हंजे ते पोस्टमननं वाचलं, पोस्टमनच्या बायकोनं वाचलं, आन मग गिरणीत दळण ठेवताना तिनं मला विचारलं, "मावशी, पोरीला डॉक्टरला दाखवलं का वो?" पाकीट घेतलं असतंस तर तुझा काय हात मोडला असता?

आता रीतीचं. चिरंजीव कुंडलिक यास थोरली बहीण प्रयागबाईचा आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असंल; नसली तरी हे पत्र वाचून सुधारायची न्हाई. भावजयीचा गुडघा कसा आहे? (चालत राहायला सांग. माझ्या घराकडं मात्र नको.) राजुरीला समदे खुशाल असतील. मी दुसरी शिकलेली बाई, अक्षर लावून वाच.

तर झालं असं. आमच्या यात्रेत दरसाल संगीत नाटक होतं, आन राणीचं काम गेणभाऊ करायचा. मिशी काढायचा, पण आवाज कुठं काढून ठेवणार? राणी रडली की म्हशी दावं तोडायच्या. यंदा मंडळानं ठरवलं, राणी खरी बाईमाणूस पाहिजे, आन आपली अश्विनी शाळेत बरी गायची म्हणून तिलाच धरली. वर शिकवायला मंचरच्या बाजूचा सोपान मास्तर आणला. पेटीवाला आहे, काडीसारखा, पण हुकूम असा सोडतो की बैल बसून घेईल.

त्या मास्तरची तऱ्हा ऐक. पहिले पंधरा दिवस गाणं न्हाईच. पोरीला ओसरीवर उताणी झोपवली आन पोटावर माझा वरवंटा ठेवला. म्हणला, स्वास घेतला की वरवंटा वर आला पाहिजे, छाती हलली तर चुकलं. (पंधरा दिवस माझी चटणी मिक्सरमधली. मास्तरनंच खाल्ली आन म्हणला चव न्हाई.) मग म्हणला, पद आधी बोलायचं, गायचं मागनं, जे बोलता येत न्हाई ते गाता येत न्हाई. राणीच्या पदात सवतीला शिव्याशाप आहेत. पोरगी अंगणात उभी राहून कुंपणाकडं तोंड करून ते बोलायची, आन कुंपणापलीकडं शेजारीण भागू भांडी घासत असायची. तिसऱ्या दिवशी भागूनं उलट शिव्या दिल्या. मास्तर खूश! म्हणला, "बघ पोरी, असं पोटातनं आलं पाहिजे." तवापासून भागू आमच्याशी बोलत न्हाई, पण रोज त्याच वेळेला भांडी घासायला येती.

पुढं हंडा. रंगमंचावर चालता चालता गावं लागतं म्हणून डोक्यावर भरला हंडा घेऊन विहिरीपासनं घरापर्यंत गात यायचं. माइक नकोच म्हणतो. यात्रेत लाइट जाणारच, मग शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला काय ऐकू जाणार, ढेकर? हंड्यानं पोरीचा गळा बसला, तवा मास्तरनं आठ दिवसांचं मौन दिलं. कुजबुजायचंसुद्धा न्हाई, कुजबुजीनं गळा जास्त झिजतो म्हणे. मी साठ वरसं कुजबुजतीय, माझा कुठं झिजला?

आन त्या मौनात तू धाडलेले पावणे आले. खोडदचा भिका, त्याची बायको आन तिथल्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला असलेला त्यांचा पोरगा. तू येतो म्हणालास आन आला न्हाईस, हे मी मरेस्तोवर विसरायची न्हाई. पोहे झाले. भिकानं इचारलं, "नाव काय, बाळ?" पोरगी गप्प. त्यानं पुन्हा इचारलं, पोरगी हसली. तिसऱ्यांदा तो असा ओरडला की पलीकडनं भागू भांडी टाकून आली. मी म्हणलं, "वो पावणं, ती बोलती, मास्तरनं बंद केलीय." तो म्हणला, "कोण मास्तर?" आता काय सांगायचं? वरवंटा सांगू, का हंडा? मी चिमटा काढला, तरी पोरीनं हूं केलं न्हाई. पाटीवर 'अश्विनी' लिहून पुढं केलं. भिकाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. ज्या गावात आभाळातला आवाज ऐकायला एवढाल्या छत्र्या लावल्यात, तिथली माणसं पुढ्यातली पोरगी बोलंना म्हणून चहा टाकून पळाली.

हे तिसरं स्थळ. पोरगी एकविसाची झाली. तिचा बाप असता तर मी कशाला तुझे पाय धरले असते. आता पंचक्रोशीत मुकी म्हणून बोभाटा, आन पुढल्या शुक्रवारी ही मुकी हजार माणसांपुढं गाणार. गायली तर म्हणतील फसवलं, न्हाई गायली तर म्हणतील खरंच. मला दोन्हीकडनं मरण आहे.

तुझी थोरली बहीण,
प्रयागबाई

ता. क. मौन शनिवारपतोर व्हतं. पावणे रविवारी आले. आत्ता पत्र मिटताना कॅलेंडर पाहिलं तवा माझ्या ध्यानात आलं. पोरीला धरलं, तर बोलली, चांगल्या खणखणीत आवाजात. म्हणली, "आज्जे, कुंडलिकआजोबांनी मला आधीच बजावलं व्हतं, पावण्यांपुढं गाण्याचं नाव काढायचं न्हाई आन लग्नानंतर तर गायचंच न्हाई. मग म्हणलं, समदंच बंद ठेवू." आता कळलं तू का आला न्हाईस ते: पोरीचं गाणं पावण्यांपासनं लपवलंस, माझ्या तोंडून उघडं पडंल म्हणून.

दुसरी ता. क. पळताना एकटा तो पोरगा दारात थांबला व्हता. वाहणा घालता घालता पाटी पाहिली आन हळूच इचारलं, "नाटक कोणच्या वारी?" पोरीनं पाटीवर लिहून दिलं.

म्हणून आता नीट ऐक. लग्नानंतर तिला गाऊ देणार का न्हाई, एवढंच तू खोडदला जाऊन विचारायचं, आन त्याचं उत्तर त्या पोरानंच लिहायचं, स्वतःच्या हातानं, बंद पाकिटात. भिकानं लिहिलं तर चुलीत घालीन. तू एक अक्षर लिहायचं न्हाई.