मोरपंखी शालीचा व्हिडिओ

६ जानेवारी

आज दुकानात मोबाइलचा स्टँड आला! तीन पायांचा, वर गोल दिव्याची चकती. आणि ठेवला कुठे — माझ्या टेबलावर, बरोब्बर भिंगाच्या जागी. भिंग गेलं खिडकीत. मी म्हटलं, अहो, रफू भिंगाखाली होतो, या चकतीखाली नाही होत. तर म्हणे, "अगं, दिसल्याशिवाय लोकांना कळणार कसं तू काय करतेस?"

दिसल्याशिवाय! रफू दिसला तर त्याला रफू म्हणत नाहीत, ठिगळ म्हणतात. वडिलांच्या हाताखाली हे काम शिकले, तेव्हापासून एकच धडपड — केलेलं दिसू नये. आणि आता ते दाखवायला दिवा आणलाय.

गोदामाचं ऑफिस बंद झालं तेव्हापासून हे दुकानात येऊन बसतात. बसू देत, माझी तक्रार नव्हती. पण मग कुठल्याशा मोफत शिबिराला गेले — 'छोट्या धंद्यासाठी सोशल मीडिया' — आणि माझ्या डोक्याला ताप झाला. जेवतानासुद्धा कंटेंट, रीच, एंगेजमेंट. भाजीत मीठ कमी आहे हेही आठवत नाही.

७ जानेवारी

पेजचं नाव ठेवलंय 'रफूची राणी'. मला न विचारता! राणी म्हणे. चष्मा नाकावर घसरलेला, दातात दोरा, बोटाला चिकटपट्टी. लेकीचा फोन आला, दहा मिनिटं नुसती हसत होती.

९ जानेवारी

पहिला व्हिडिओ टाकला. राखाडी पँट, गुडघ्याजवळ भोक. मग तीच पँट, भोक नाही. मधे कसलंसं संगीत. पँट दुकानात बरीच वर्षं पडून असलेली, कोणी न्यायला न आलेली, म्हणून मी काही बोलले नाही.

खाली लोकांनी काय लिहावं? "दोन वेगळ्या पँटी आहेत." "फेकू." "फरक ओळखा स्पर्धा आहे का?" एका शहाण्याने तर लिहिलंय, नवीन पँट घेतलीत ते सांगा ना सरळ.

फेकू! माझ्या हाताला फेकू! हे तोंड पाडून बसले. "पुरावा पाहिजे गं," म्हणाले. "असं काहीतरी पाहिजे, की कापड तेच आहे हे आंधळ्यालाही कळेल." मी म्हटलं, ज्यांना विश्वास नाही त्यांनी आपले कपडे फाटकेच घालावेत.

१२ जानेवारी

बँकेतल्या बाई आल्या. पूर्वी एकदा त्यांच्या मुलाचा गणवेश घेऊन आल्या होत्या. आज दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं तर बाहेरच थांबून राहिल्या. ते गेल्यावर आत. पिशवीतून कागदात गुंडाळलेली शाल काढली. मोरपंखी, मऊसूत, जुनी पण जिवापाड जपलेली. मधोमध चांगलं बोटभर फाटलेलं.

त्यांची नाही. मोठ्या जावेची. जावेची आई गेली, तिची ही शेवटची वस्तू. दोघी एकाच घरात, वर-खाली. मधे भावाभावांचं काहीतरी बिनसलं, तेव्हापासून जावाजावांत बोलणं म्हणजे "नळ आला", "गॅस संपला" एवढंच. ऑफिसच्या समारंभासाठी बाईंनी मनाचा हिय्या करून शाल मागितली आणि मोठीने दिली. घडी घालून, हातात. "ताई, इतक्या दिवसांनी त्या माझ्याकडे बघून हसल्या हो. आणि मी काय केलं बघा! कुठे अडकली तेसुद्धा कळलं नाही. घरी येऊन उलगडते तर हे." रडू आवरत नव्हतं.

"त्यांना कळता कामा नये. कळलं तर संपलं सगळं."

मी म्हटलं, माझ्या दुकानातून कोणाचं काही बाहेर जात नाही. शब्द दिला.

आणि ते खरंच आहे. वडिलांचा नियमच होता — गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. ते हसलं तर हसायचं. कारण आमच्याकडे येणारा माणूस काहीतरी लपवायला आलेला असतो. उसना आणलेला कोट, सिगारेटने जळलेली बाही, मुलाखतीच्या आदल्या दिवशी फाटलेली पँट. माझ्या मामांना तर वडील लग्नसमारंभात ओळख देत नसत, कारण मामांनी एकदा सूट रफूला टाकला होता! आई चिडायची.

१४ जानेवारी

दोन दिवस तेवढंच काम केलं. शालीच्या आतल्या काठातून धागे उपसले, एकेक, आणि उभे-आडवे भरत गेले. रंग फसवा — उजेडात हिरवा, सावलीत निळा. मान मोडली. पण जमलं! मला आनंद झाला आणि तो मी कोणाला सांगितला नाही, कारण सांगायचं नसतंच.

१५ जानेवारी

बाई शाल घेऊन गेल्या. जाताना माझे दोन्ही हात धरले.

१८ जानेवारी

तळपायाची आग मस्तकात गेलीय.

शेजारचा शिंपी दारातून ओरडला, "वहिनी, काय शाल आहे! माझ्या साडूने पाठवला व्हिडिओ!" कुठली शाल? मोबाइल पुढे केला त्याने. माझी शाल! म्हणजे बाईंची. म्हणजे जावेची!

चौदाला संध्याकाळी, शाल तयार झाल्यावर, मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते तेव्हा यांनी उरकलं. आधीचं भोक तर शाल आली त्याच दिवशी गुपचूप टिपून ठेवलं होतं. आणि लोकांनी पुन्हा फेकू म्हणू नये म्हणून पुरावा! कसला पुरावा? शालीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेलं पान. जावेच्या आईने स्वतःच्या हाताने भरलेलं. आधी पान आणि भोक, मग तेच पान आणि भोक नाही. वर माझ्या नावाने वाक्य — "राणीची जादू बघा!"

मी म्हटलं, तुम्हाला काही अक्कल? म्हणे, "अगं, बाईंचा चेहरा कुठे दाखवलाय? नाव कुठे घेतलंय?"

चेहरा! घरातली माणसं त्या शालीला माणसापेक्षा जास्त ओळखतात! लाल पान दिसल्यावर नाव कशाला हवं?

तर वर तोंड करून सांगतात, आजवर सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे. चाललाय ना? चालत चालत त्या घरी पोहोचेल, मग काय करणार? तिथल्या तिथे काढायला लावला. काढला. पण शिंपी म्हणाला, "वहिनी, आता काय उपयोग, चार जणांनी आपापल्या पेजवर टाकलाय."

कोणाच्या घरचं फाटलेलं हे लोक गंमत म्हणून एकमेकांना पाठवतायत. लाज वाटत नाही?

१९ जानेवारी

बाई आल्या. दार उघडल्या उघडल्या मला कळलं. रडल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं.

"त्यांनी बघितलाय ताई. बघून हार्ट दिलंय. खाली त्यांचं नाव आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हे "सॉरी मॅडम" असं काहीतरी पुटपुटले. बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही शब्द दिला होता," एवढंच मला म्हणाल्या आणि गेल्या.

दिला होता. मी दिला होता, आणि मोडला दुसऱ्यानेच. पण त्यांच्या हिशेबी मीच ना? दुकान माझं, पाटी माझी. जन्मात कोणी मला असं ऐकवलं नव्हतं.

२० जानेवारी

यांच्याशी बोलत नाही. चहा देते. कप आपटून.

२२ जानेवारी

मार्केटिंगने काय दिवे लावले ते लिहून ठेवते.

एक तरुण आला, कोरी करकरीत जीन्स घेऊन. "काकू, हिला भोकं पाडून द्या ना, पण आर्टिस्टिक." मी कात्री उचलली तशी पळाला. मग एका बाईंचा फोन — रफू कसा करायचा ते व्हिडिओत शिकवा, म्हणजे आम्ही घरीच करू. तिसरा म्हणाला, मी तुमची जाहिरात करतो, त्या बदल्यात माझे सगळे कपडे फुकट दुरुस्त करा. सगळे!

आणि वकीलसाहेब. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. काळा कोट घडी करून काखेत धरलेला. दारात आले, स्टँडकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, "सहज चाललो होतो इकडून" म्हणाले आणि गेले. काखेत कोट घेऊन कोणी सहज चालत नाही.

मी स्टँड उचलला, माळ्यावर फेकला. यांनी "अगं हळू" म्हटलं. चार दिवसांत कानावर पडलेला पहिला शब्द, आणि तोही स्टँडच्या काळजीने!

२४ जानेवारी

न राहवून बाईंना मीच फोन केला. नियम मोडून. उचलतील असं वाटलं नव्हतं.

म्हणाल्या, जावेने एका शब्दाने विचारलं नाही. पण शाल रोज पांघरते. रोज! थंडी असो नसो. संध्याकाळी खाली येते, समोर बसते, शाल मांडीवर सारखी करते, बाईंच्या तोंडाकडे बघत राहते आणि वर निघून जाते. "हा छळ आहे ताई. एकदा शिव्या घाला म्हणावं, मोकळ्या व्हा."

मी म्हटलं, तुम्हीच सांगून टाका. तर म्हणाल्या, "कुठल्या तोंडाने? आधी फाडली, मग लपवली, मग जगाला दाखवली. आम्ही दुसरीकडे खोली बघतोय. हे पुढच्या आठवड्यात बोलणार आहेत मोठ्या भावाशी."

घर मोडतंय. एका व्हिडिओपायी! लोकांना करमणूक म्हणून बघायला दोन घटका लागल्या असतील. आणि त्या मोठीचाही मला संताप आलाय. आईची आठवण आहे, कबूल. पण समोरच्या बाईला असं टांगून ठेवायचं? मनात आहे ते बोल की!

२५ जानेवारी

आज यांनी तोंड उघडलं. म्हणाले, "मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागतो. दोघींची." चेहरा उतरलेला होता, खोटं नाही बोलणार. पण काय डोकं! आगीत तेल ओतायला जाणार! मी म्हटलं, तुम्ही कृपा करा आणि काही करू नका. बसा.

बसले. बटणांचा डबा काढून रंगाप्रमाणे लावत बसले, दुपारभर. मला कीव आली आणि मग कीव आल्याचाच राग आला.

२६ जानेवारी

दारावर पाटी लावली — 'येथे फोटो काढला जात नाही.' अक्षर यांचंच. मी सांगितलं, यांनी मुकाट्याने लिहिलं.

२८ जानेवारी

मोठ्या जाऊबाई आल्या. अंगावर ती शाल. मी मन घट्ट करून सांगितलं, "ही आमच्याकडे कधी आलेली नाही."

त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "आली होती. फाटलेली माझ्या हातून. कपाटाच्या कडीत अडकली, तिने मागायच्या आधीच. मी फाटकी बाजू आत घडी करून दिली तिला. हो, मुद्दाम. आळ तिच्यावर यावा म्हणून. आणि परत आली तर भोकच नाही! वाटलं, मला वेड लागलंय. व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं. रोज तिच्यासमोर जाऊन बसते, तोंडातून शब्द फुटत नाही."

मग शाल काढून माझ्यापुढे ठेवली. "उसवून द्या. ते भोक कपाटाच्या कडीवर बसवून दाखवते तिला. नुसतं सांगितलं तर ती म्हणेल, माझी समजूत काढताय."

मी भिंग घेतलं. सुलट पाहिली, उलट पाहिली. खिडकीत नेली. रफू सापडेना! भोक नेमकं कुठे होतं तेच कळेना. शेवटी खुर्चीकडे वळले.

"अहो," मी म्हटलं, "तो व्हिडिओ काढून टाकलात ना?"

हे लालबुंद. "पेजवरून काढला..."

"दाखवा."