सरूचा टाक

२ डिसेंबर १९५६, इंदापूर

आजचा शब्द — रिन्यू. जेवणं उरकली की हे मला एक इंग्रजी शब्द देतात. नवरा शाळामास्तर असला की सुटका नाही! परवाना रिन्यू करतात. वाचनालयातलं पुस्तकही. तुटलेली ओळखसुद्धा करता येते म्हणे. वस्तू तीच, मुदत नवी. जुनी काढून तिथं दुसरी आणली तर हा शब्द चालत नाही — ते रिप्लेस.

"माणसाला करतात का रिन्यू?" मी विचारलं.

"आधी वाक्यं लिही," म्हणाले.

५ डिसेंबर

एकही वाक्य सुचलं नाही. सरू टोचतेय गळ्यात. यांची वारलेली पहिली बायको. मी दुसरेपणावर आले त्याच दिवशी सासूबाईंनी तिचा टाक माझ्या गळ्यात बांधला — नखाएवढी चांदी, वर बाईचं तोंड. इतकी वर्षं माझ्या अंगावर घासून ते तोंड पार गुळगुळीत झालंय. तरी नवं लुगडं आधी तिला, गजरा आधी तिला, सणाचा घास आधी तिला. पोर तापलं तरी सासूबाई माझ्यावरच — "सरूला काय कमी केलंस?"

मला तिचा वीट आलाय. आणि भीतीही वाटते, खरं तेच लिहिते. हे माझ्याकडं बघतात तेव्हा वाटतं, ती माझ्या पाठीशी उभी आहे आणि हे तिलाच बघतायत. एकदा तरी मला बघावं.

९ डिसेंबर

टाकाची कडी तुटली. सासूबाई म्हणाल्या, "उद्याच बारामतीला जावा. तिला अशी बाहीर ठिवू नगा."

१० डिसेंबर

एसटीनं बारामती. तात्याबा सोनारांनी टाक उजेडात धरला. "मास्तर, ह्यावर कायबी ऱ्हायलं न्हाय. आटवून नवाच करतो. बाई दिसायला कशी व्हती?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडं बोट केलं. "अशीच."

तात्याबांनी मला नीट बघून घेतलं.

परतताना हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आठवत नाही गं. खरंच नाही."

मला बरं वाटायला हवं होतं. रडू आलं.

१७ डिसेंबर

टाक आला. हनुवटीवर तीन ठिपके. माझं गोंदण!

सासूबाईंना विचारलं, सरूला गोंदण होतं का?

"आसंल बाई. कुनाला नसतं?"

हे रिन्यू की रिप्लेस, ते यांना विचारायचा धीर झाला नाही.

२० डिसेंबर

यांनी निमगावच्या बाजारातनं हिरवं लुगडं आणलं. रीतीप्रमाणं पदर आधी टाकाला लावला — माझ्याच तोंडाला. या घरातली मेलेली बाई आता मीच. सरूताईंना लुगडं दाखवायचं कुठं?