मशीनला पेज चालत नाही

माय, आमच्या घरी कपडे धुवायचं मशीन आहे. तू होतीस तेव्हा आपल्या गावात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते. पांढरं, चौकोनी, पुढून गोल काचेचं दार. कपडे आत टाकायचे, दार दाबून लावायचं, वरच्या खणात पावडर घालायची आणि बटण दाबायचं. आतलं पिंप फिरतं, कपडे वर जातात आणि खाली आपटतात. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "मी बी तं आपटतच होती, त्यात काय मोठं?" चंद्रपुरात राहायचं म्हणजे कोळशाची धूळ आलीच. तुझा जावई खाणीतून येतो तेव्हा त्याच्या सदऱ्याचा मूळ रंग कोणता हे मलाच आठवावं लागतं. मी घरी ब्लाउज शिवते, दिवसभर मान खाली. खांदा गेला तेव्हा हे मशीन आलं, नाहीतर मी कसली घेते.

पहिल्या दिवशीच ते थरथरत, उड्या मारत गॅलरीच्या दारापर्यंत आलं. मी घाबरून प्लगच काढला. मागाहून कळलं की गाडीतून आणताना आतलं पिंप हलू नये म्हणून मागच्या बाजूला मोठे बोल्ट कसलेले असतात, ते काढायचेच राहिले होते. ते काढले, खालचे पाय फिरवून चारही टेकवले, तेव्हा ते जागेवर बसलं. मग फेसाची भानगड. मी तुझ्यासारखी मूठभर पावडर टाकायची, फेस दिसल्याशिवाय कपडा धुतला असं आपल्याला वाटतच नाही. फेस खणातून वर आला आणि मशीन तासन्‌तास नुसतं खळखळत राहिलं. त्याला वेगळी पावडर लागते आणि तीही चमचाभर. मग वास. धुणं झालं की मी दार घट्ट लावून ठेवायची, घर नीट दिसावं म्हणून. दाराच्या रबराच्या घडीत पाणी साचायचं आणि कुजायचं. आता रबर पुसते आणि दार उघडं ठेवते. पाणी कमी यायला लागलं की नळाकडून नळी काढून तिच्या तोंडची बारीक जाळी घासते, इथलं पाणी जड आहे, जाळीवर पांढरा थर बसतो. हे सगळं मी एकेक चूक करून शिकले. तू कुणाला न विचारता सगळं येणारी आणि मी अशी, हे तू कितीदा बोलून दाखवलंस, मी विसरलेले नाही.

बाबा आता माझ्याकडे असतात. गावात एकटे होते तोवर ठीक चाललं होतं. मग एकदा ते मार्कंड्याच्या जत्रेतून घरीच येईनात. जत्रा उठून गेली तरी देवळाच्या पायरीवर बसून होते, कुणाची वाट पाहता म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगितलं. ओळखीच्या माणसानं फोन केला आणि आम्ही जाऊन त्यांना इकडे आणलं. त्यांना धान आठवतं, बैलांची नावं आठवतात, मी आठवते. तू गेलीस एवढंच त्यांच्या डोक्यातून निघून गेलं आहे.

इथे आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "बाई, तुही माय कुठी गेली वं?" मागे मशीन चालू होतं, पाण्याचा आवाज येत होता. माझ्या तोंडून निघालं, "धुणं धुवाले गेली, नदीवर." ते म्हणाले, "येईल मंग," आणि चहा पिऊ लागले. इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी तेच, मग दिवसातून कितीदा तरी. मशीन चालू असलं की ते खुर्ची ओढून काचेसमोर बसायचे. पाणी काळपट झालं की म्हणायचे, "आज वैनगंगा लय गढूळ हाये." मला खोटं बोलल्यासारखं वाटायचंच नाही, माय. तुला नदीवरच तर नेलं होतं. धानाच्या रोवण्याचे दिवस होते, तापानं तू फणफणलीस आणि दवाखान्याची गाडी यायच्या आत संपलीस. बायका घरी थांबतात, मीही अंगणात थांबले. तुला नेताना मी पाहिलं ते वळणावरच्या मोहाच्या झाडापर्यंत, पुढचं मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं तर तू नदीकडे गेलीस, एवढंच मला ठाऊक आहे.

आता पेजेचं सांगते. मी धुतलेलं धोतर बाबा नेसेनात. हातात घ्यायचे, दुमडून पाहायचे आणि परत द्यायचे. "हे कोणाचं हाये? माहं धोतर असं लोळत नाई." मला कळायला वेळ लागला. चुलीवरून भाताचा गंज उतरवला की तू वरचं पाणी, म्हणजे पेज, ओतून काढायचीस, अर्धी आम्हाला मीठ घालून प्यायला आणि उरलेली बाबांच्या धोतराला. दोरीवरून उतरवलेलं ते धोतर हातात ताठ असायचं. बाजाराच्या दिवशी ते नेसून बाबा निघाले की पारावरची माणसं म्हणायची, "भाऊ मागून येते, धोतर पुढं निघालं." तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस, पण त्या दिवशी तुझी चाल वेगळी असायची. एकदा मी पेज सगळी पिऊन टाकली तर तू मला उलथन्यानं मारलं होतंस. पेजेपायी मार खाल्लेली गावात मी एकटीच असेन. तेव्हा तुझा फार राग आला होता.

तर मी कुकर बंद केला आणि गंजात भात शिजवायला लागले, पेज मिळावी म्हणून. आधी बादलीत पेज कालवून धोतर बुडवलं आणि पिळलं. बाबांनी ते बोटांत धरून पाहिलं आणि लगेच नेसले. मला रडू आलं. पण खांद्याला पिळणं झेपेना. मशीनच्या खणात एक तिसरा कप्पा असतो, कपडे मऊ करायचं औषध घालायला. ते मऊ करायचं पाणी शेवटच्या पाण्यात आपोआप उतरतं. मी म्हटलं, मऊ करायचं जिथून जातं तिथून कडक करायचं का जाऊ नये? पेज गाळली आणि ओतली त्यात. धोतर छान निघालं. मला माझ्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की शेजारणीलाही सांगितलं. मग हे रोजचंच झालं.

पुढे काय झालं असेल ते तू एका क्षणात ओळखलं असतंस, पेज लागलेलं भांडं घासायला ठेवून दिलं की काय होतं हे तुला सांगायला नको. आंबट वास यायला लागला. रबराच्या घडीत बोट घातलं तर चिकट, करडं काहीतरी लागलं. मी पुसलं आणि सोडून दिलं. एका सकाळी मशीन मध्येच थांबलं. काचेच्या अर्ध्यापर्यंत पाणी, त्यात बाबांचं धोतर तरंगतंय, दार उघडत नाही आणि पाणी काही उतरत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो मूल गावाच्या बाजूला कामावर होता. "काकू, आज येनं नाई होत. खाली कोपऱ्यात झाकन हाये पाहा. आधी प्लग काढा, पानी गरम असन तं थंडं होऊ द्या." मग त्यानं विचारलं की आत काय काय टाकता. मी पेजेचं सांगितलं. "म्हंजे भाताची? काकू, तुमी मशीनले जेवाले घालून राह्यल्या." हसला आणि पुढचं नीट समजावून सांगितलं.

मी परात घेऊन जमिनीवर बसले. झाकणामागे एक छोटी नळी असते, तिचं बूच काढलं की पाणी येतं. परात भरली की बूच लावायचं, मोरीत ओतून यायचं, परत काढायचं. पाणी संपलं की शेजारची मोठी गोल चकती डावीकडे हळूहळू फिरवायची, ती गाळणी. मी अजून पाणीच काढत होते. मशीन बंद, घरात आवाज नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले, कमरेला पंचा. "आवाज येऊन नाई राह्यला. तुही माय कुठी हाये?" मी मान वर न करता नेहमीचं सांगितलं, नदीवर. या वेळी ते "येईल मंग" म्हणाले नाहीत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. परात ओतून मी परत आले तर बाबा तिथे नाहीत आणि बाहेरचं दार उघडं.

ते रस्त्यावर सापडले, तसेच पंच्यावर, अनवाणी. कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेनं चालले होते. मी हात धरला तर त्यांनी झटकला. त्यांच्या अंगात एवढा जोर मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. "सोड मले. रोज इचारतो तं नदीवर गेली, नदीवर गेली. येवढा येळ लागते का धुण्याले? पान्याचा आवाज बी नाई आता. बुडली का काय ते पायतो." आणि तेव्हा मला कळलं, माय, की रोज "येईल मंग" म्हणणारा हा माणूस मनातल्या मनात रोज घाबरत होता. मी दिवसातून कितीदा तरी तुला पाण्यात उभी करत होते आणि ते तुझी वाट पाहत होते. मी रस्त्यातच सांगून टाकलं. "बुडली नाई बाबा. माय मेली. घरी मेली, तापानं. लय वर्सं झाली."

बाजूनं ट्रक गेला. ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता कोसळतील. त्यांनी विचारलं, "मी होतो का तिच्यापाशी?" मी म्हटलं, होते, हात धरून बसले होते. हे खरं आहे, तुलाही माहीत आहे. "मौतीले गेल्तो का मी?" तुमीच अग्नी दिला, मी म्हटलं. त्यांनी स्वतःच्या पंच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "धोतर कोनतं होतं अंगावर?" मला हे ठाऊक नाही. ते नदीवरून आंघोळ करून परतले तेव्हाचं ओलं, पायांना चिकटलेलं धोतर मला आठवतं, पण ओल्या धोतरात पेज होती की नव्हती कोण सांगणार. मी म्हटलं, "मायनंच आदल्या दिवशी कडक करून ठेवलं होतं, तेच." त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग ठीक," म्हणाले आणि माझ्याबरोबर घरी आले. एक खोटं सोडलं तर लगेच दुसरं धरलं, असं झालं.

घरी येऊन मी गाळणी काढली. तिच्यात ब्लाउजचे हूक, दोऱ्यांचे गुंते आणि या सगळ्याला लपेटून बसलेला खळीचा गोळा होता. धुतली, पाणी बाहेर फेकणारा आतला पंखा बोटानं फिरतो का पाहिला, गाळणी घट्ट बसवली. दार आपणहून उघडलं. लिंबाचं सत्त्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवलं तेव्हा वास गेला. आता पेज बादलीतच लावते, पिळायला तुझा जावई येतो, कुरकुरत का होईना. मशीनची काही तक्रार नाही.

पण बाबांनी त्या दिवसापासून तुझी चौकशी करणं सोडलं. डॉक्टर म्हणतात असं होतं, एखादी गोष्ट कशी राहते आणि दुसरी कशी जाते याला काही नियम नाही. परवा त्यांनी मला सकाळी काय खाल्लं ते तीनदा विचारलं, तुझं एकदाही नाही. मशीन चालू असलं तरी ते तिकडे बघत नाहीत. मला वाटलं होतं मी सुटले. तसं झालं नाही. तू नदीवर गेली आहेस, येशील, असं मला रोज म्हणायला मिळत होतं. एवढ्या वर्षांत मला तुझ्याबद्दल दुसरं कुणी काही विचारलेलंच नव्हतं. हे सगळं मी ब्लाउजचा नमुना कापायच्या खाकी कागदावर लिहिते आहे. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, उद्या यावर कुणाची तरी बाही आखीन.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी मी मुद्दाम मशीन लावलं, आत फारसे कपडे नव्हते. बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि मीच विचारलं, "बाबा, माय कुठी गेली?" त्यांनी नदीवर म्हणावं एवढंच मला हवं होतं. ते माझ्याकडे वळले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरीशी बोलावं तसं सावकाश म्हणाले, "मेली नं बाई. तुले कोनं सांगतलं नाई का?"

मी म्हटलं, नाही.